किल्लीवाल्या बाई आणि टेकडीवरचे दगड

सासूबाई जर्मनीत तीन महिन्यांसाठी आल्या आणि चौथ्याच दिवशी कंटाळल्या. त्यांचा दोष नाही. वाल्डॉर्फच्या आमच्या गल्लीत सकाळी साडेअकराला खिडकीत उभं राहिलं तर दिसतं काय? एक मांजर, पार्क केलेल्या गाड्या आणि कचऱ्याचे वेगवेगळ्या रंगांचे डबे. मिरजेत त्यांच्या दारावरून दिवसभर माणसं जातात आणि प्रत्येकाशी यांचं काही ना काही बोलणं असतं. "अगं, इथली माणसं गेली कुठे?" असं त्यांनी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझं डोकं फिरलं. "ऑफिसात गेलीत, आई. मी पण जाते. तुमचा मुलगा पण जातो." माझा राग नाकावर असतो हे घरात सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे कोणी फारसं मनावर घेत नाही. मला मात्र नंतर वाईट वाटत राहतं.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो, त्यामुळे स्वतःच्या चुका दिसायला जरा वेळ लागतो. आठवड्यातले चार दिवस काम, शुक्रवार मोकळा. तेव्हा असं ठरलं की शुक्रवारी सासू-सुनांनी डबा घेऊन बसनं भटकायचं. जिथे बरं वाटेल तिथे उतरायचं.

पहिल्याच शुक्रवारी आम्ही टेकड्यांमधल्या एका गावाला उतरलो. गावाबाहेर द्राक्षांचे मळे, त्यांच्या वर जंगल आणि जंगलाच्या तोंडाशी एक लांबच लांब दगडी भिंत. भिंतीला लोखंडी फाटक, फाटकाला कुलूप. आत झाडांच्या सावलीत उभे दगड, कोणी सरळ, कोणी कललेले, काहींवर आयव्हीचा वेल पार डोक्यापर्यंत चढलेला. दारावरच्या पाटीवर लिहिलं होतं की ही ज्यू लोकांची दफनभूमी आहे, शनिवारी आणि सणांना बंद असते, किल्ली राटहाउसमध्ये, म्हणजे ग्रामपंचायतीच्या कचेरीत, सही करून मिळेल.

"मेलेल्यांना कुलूप कशाला?" सासूबाईंनी विचारलं.

उत्तर द्यायला मी तोंड उघडणार तोच आतून गमबूट घातलेल्या एक बाई आल्या. सत्तरीच्या पुढच्या. एका हातात बादली आणि दुसऱ्या काखेत चक्क कपाटाच्या दाराचा असतो तेवढा आरसा. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, सासूबाईंच्या साडीकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि फाटक उघडून म्हणाल्या, "यायचंय का आत?"

सासूबाई उंबऱ्यावर थबकल्या. आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. त्यांचे वडील गेले तेव्हा त्यांना घराच्या पायरीशी थांबवलं होतं, भाऊ गेले पुढे. एक्काहत्तर वर्षांच्या आयुष्यात त्यांनी स्मशान आतून पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "राहू दे आई, बाहेरूनच बघू." त्यांनी पदर डोक्यावर घेतला, चपला सारख्या केल्या आणि म्हणाल्या, "इथे कोण अडवणार आहे मला?" आणि गेल्या आत.

या बाईंना आम्ही आपसात किल्लीवाल्या बाई म्हणायला लागलो. त्या गावातल्या शाळेत शिकवायच्या. रिटायर झाल्यावर हिब्रू शिकल्या आणि गेली अकरा वर्षं एकेक दगड वाचून वहीत उतरवत होत्या. त्या स्वतः ज्यू नाहीत. गावात आता एकही ज्यू घर नाही. होती त्यांतली वेळेवर पळाली ती वाचली, उरली त्यांना नेलं. हे त्यांनी आम्हाला सरळ, आवाज न चढवता सांगितलं. मग म्हणाल्या, "माझे आजोबा तेव्हा याच गावात राहत होते. त्यांनी काय पाहिलं ते आम्हाला कधी सांगितलं नाही." मी हे मराठीत सांगितल्यावर सासूबाईंनी डब्यातला थालीपिठाचा तुकडा त्यांच्यापुढे धरला. भिंतीबाहेर बसून खाल्लं आम्ही, आत खायचं नसतं.

इथल्या ख्रिश्चन कबरींची जागा भाड्यानं असते. वीस-पंचवीस वर्षं झाली की मुदत वाढवा, नाहीतर दगड उचलून नेतात. आमच्या शेजाऱ्यांच्या वडिलांचा असाच गेला. ज्यूंच्यात तसं नाही. पुरलं की ती जागा त्या माणसाची, कायमची. दगड वाकला तरी त्याचाच, झाड उगवलं तरी त्याचंच. "इथलं काही हलवायचं नाही, बाहेर न्यायचं नाही. दगड नाही, खडा नाही," किल्लीवाल्या बाईंनी आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. जाताना फाटकाशी तांब्यासारख्या भांड्यातून हातावर पाणी घ्यायची पद्धत. सासूबाई खूश झाल्या. "हे बघ, आपल्यासारखंच." घरी येऊन अंघोळही केली त्यांनी, ते वेगळं.

पुढच्या शुक्रवारी आम्ही परत गेलो, ते सासूबाईंनीच नेलं म्हणून. आणि त्या दिवशी किल्लीवाल्या बाईंनी आम्हाला पत्राबद्दल सांगितलं.

पत्र ब्युनोस आयरेसहून आलं होतं. लिहिणाऱ्या आजी शहाऐंशी वर्षांच्या. त्यांच्या वडिलांचा जन्म या गावातला. ते नऊ वर्षांचे असताना त्यांची आई वारली, इथेच पुरली. पंधराव्या वर्षी वडिलांचा हात धरून ते अर्जेंटिनाला पळाले ते पुन्हा इकडे आले नाहीत. मरेपर्यंत एकच म्हणायचे, आईला मी तिथं एकटीला टाकून आलो. मुलीनं लिहिलं होतं, जूनमधल्या एका रविवारी मी येते आहे, डॉक्टर म्हणतात यापुढे एवढा लांबचा प्रवास नाही, मला आजीच्या दगडासमोर एकदा उभं राहायचं आहे.

अडचण अशी की दगड कुठला ते कोणालाच माहीत नव्हतं. पुरलेल्यांच्या नावांची यादी होती, नकाशा नव्हता. टेकडीचा खालचा भाग किल्लीवाल्या बाईंनी वाचून काढला होता. वरचा, झाडीतला भाग राहिला होता आणि त्यांचे गुडघे गेलेले. दगड लाल वालुकाश्माचे, मऊ. मागच्या बाजूला जर्मनमध्ये नावं असायची, पण ती बाजू पावसाच्या माऱ्याची, पार गुळगुळीत झालेली. पुढची हिब्रू अक्षरं तेवढी पुसट उरलेली. नुसतं बघून काही कळत नाही. आरशानं ऊन पकडून बाजूनं तिरपं पाडलं की अक्षरांच्या सावल्या पडतात, मग वाचता येतं. त्यासाठी तो आरसा.

चार शुक्रवार हातात होते. बाकीच्या दिवशी त्या एकट्या चढायच्या, पण एकटीला आरसा धरून वाचणं जमत नव्हतं. मी म्हटलं, आरसा मी धरते. मनात म्हटलं, आईंचाही वेळ जाईल. खरं सांगायचं तर तेवढाच विचार होता.

सासूबाईंचं काय करायचं हा प्रश्न होता. हिब्रू तर सोडाच, त्यांना एबीसीडीही जेमतेम येते. त्यांनी किल्लीवाल्या बाईंकडून कागदावर ते नाव हिब्रूत मोठं लिहून घेतलं, दगडावर असतं तसं, इथे पुरलेल्या आजीचं नाव आणि खाली तिच्या वडिलांचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन बाल्कनीत गेले तर फरशीवर ते नाव रांगोळीनं काढलेलं. ठिपके देऊन, मापात. म्हटलं, "आई, हे काय?" तर म्हणाल्या, "मला वाचता येत नाही गं, पण एकदा हातातून गेलेलं मी विसरत नाही." रोज काढायच्या, रोज पुसायच्या. आठवड्याभरात कागदाकडे न बघता काढायला लागल्या. मला वाटलं, कौतुक करावं. मी म्हटलं, "फरशीला डाग पडतील." असं माझं तोंड.

पहिला शुक्रवार रिकामा गेला, दुसराही. मी आरसा धरायचे, किल्लीवाल्या बाई वाचायच्या, "गेनाऊ, बरोब्बर, आता जरा डावीकडे," आणि सासूबाई वाकून दगडाकडे अशा बघायच्या की जणू शेजारणीची रांगोळी तपासतायत. मान हलवायच्या. नाही. पुढचा. तिसऱ्या शुक्रवारी पाऊस, आरशाचा काही उपयोग नाही. घरी येताना बसमध्ये सासूबाई म्हणाल्या, "ती म्हातारी एवढ्या लांबून येईल आणि तिला आपण काय दाखवू, जंगल?" त्या रात्री जेवल्या नाहीत नीट. मलाही आता चैन पडेना. कोण कुठली बाई, पण तिच्यासाठी मी रात्री दोनदा हवामानाचा अंदाज पाहिला.

चौथा शुक्रवार म्हणजे शेवटचाच. परवा रविवार. शनिवारी फाटक उघडत नाही, काही झालं तरी. आणि शुक्रवारी राटहाउस बाराला बंद होतं, त्याआधी किल्ली जमा करावी लागते. पावणेबारा वाजले तेव्हा वरच्या कोपऱ्यातल्या पाच-सहा दगडांचं काम राहिलं होतं. किल्लीवाल्या बाई म्हणाल्या, इथे रेंज नाही, मी खाली फाटकाशी जाऊन फोनवर सवलत मागते, दुपारपर्यंत किल्ली ठेवू द्या म्हणते. आणि गुडघे धरत उतरल्या.

त्या गेल्या आणि दोन मिनिटांत सासूबाई ओरडल्या, "थांब, थांब! हे माझं आहे!"

हेझलच्या झुडपामागे कमरेएवढा दगड होता. त्यावर मला तर फक्त शेवाळ आणि खड्डे दिसत होते. सासूबाई हवेत बोटं फिरवत होत्या. "हा दांडा, ही वळलेली मान, इथे ठिपका. बघ की गं!" मी आरसा धरला, पण ऊन केव्हाच सरकून झाडाआड गेलं होतं. काही उमटेना. घड्याळात बाराला दहा कमी. बाईंना सवलत नाही मिळाली तर कुलूप लागणार आणि मग थेट रविवारी ती म्हातारी दारात.

सासूबाईंच्या पिशवीत रांगोळीची डबी होती. किल्लीवाल्या बाईंना आपला सराव दाखवायला म्हणून त्यांनी आणली होती; ही पूड कसली ते बाईंनी सकाळीच विचारून घेतलं होतं. माझे हात शिवशिवले. "आई, डबी द्या."

"अगं, त्यांना विचारल्याशिवाय नको."

"विचारायला वेळ आहे का? पांढरी पूड आहे नुसती, झटकली की गेली."

चिमूट चिमूट घेऊन तळव्यानं मी ती दगडावर चोळली. आणि काय सांगू! अक्षरं एकेक करत वर आली, पांढरीशुभ्र. आजीचं नाव, खाली तिच्या वडिलांचं नाव, सगळं आमच्या बाल्कनीत होतं तसंच्या तसं. सासूबाईंनी दोन्ही हात गालांवर ठेवले. आम्ही दोघी हसत होतो आणि रडतही होतो. मी फोटो काढला. मग लगेच, बाई यायच्या आत स्वच्छ करू म्हणून रुमाल ओला केला आणि पुसलं.

टवका उडाला. रुमालाखाली काहीतरी सुटल्यासारखं लागलं आणि नखाएवढा तुकडा माझ्या हातात आला, नावातलं शेवटचं अक्षर घेऊन. जिथून निघाला तिथे आतला दगड ताजा, गुलाबी दिसत होता.

"काहीतरी लावून चिकटव गं," सासूबाई कुजबुजल्या. तेवढ्यात किल्लीवाल्या बाई आल्या. सवलत मिळाली होती त्यांना. दगड बघून आधी त्यांनी तोंडावर हात ठेवला, आनंदानं. मग तो खड्डा दिसला, कडेला राहिलेली पांढरी पूड दिसली. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "रांगोळी म्हणजे दगडाचीच पूड ना? मऊ दगडावर तुम्ही दगड घासलात. अकरा वर्षांत मी मऊ ब्रशाशिवाय इथे काही लावलेलं नाही."

आणि मी काय बोलले? सांगायलाही लाज वाटते. मी म्हटलं, "अकरा वर्षांत तुम्हाला सापडला नाही. आम्ही चार शुक्रवारांत शोधला."

त्यांनी आरसा उचलला, आम्ही बाहेर पडायची वाट पाहिली, कुलूप लावलं आणि निघून गेल्या. त्या दिवशी हातावर पाणी घ्यायचंही राहिलं. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की तो टवका माझ्या मुठीतच आहे.

शनिवारभर मी घरात कानकोंडी होऊन फिरत होते. सकाळी ईमेल लिहिली, माफ करा, तुकडा माझ्याकडे आहे, सुखरूप आहे. उत्तर नाही. नवरा म्हणाला, "जाऊ दे, सापडला ना दगड, काम झालं." त्याच्यावर मी खेकसले. काम झालं काय? म्हातारीच्या आजीचं नाव इतकी वर्षं ऊनपावसात टिकलं आणि मी दोन मिनिटांत तोडलं.

संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "उद्या जायचं."

"आई, त्यांनी आपल्याला बोलावलं नाहीये."

"मोडलंय आपण. सांगायला जायला बोलावणं लागतं का?"

रविवारी दहाला आम्ही फाटकाशी उभ्या. किल्लीवाल्या बाई आधीच आल्या होत्या. मला बघून त्यांनी मान हलवली, या म्हणून नाही आणि जा म्हणूनही नाही. टॅक्सी आली. त्यातून उतरलेल्या आजी अगदी बारीक, काठी घेतलेल्या, पांढरी टोपी. बोलायला लागल्या तर जर्मन अस्सल इथली, या टेकड्यांतली. बापाकडून शिकलेली. अशी जर्मन गावातली तरुण मुलंही आता बोलत नाहीत, हे किल्लीवाल्या बाईंनीच मला नंतर सांगितलं.

त्या आत शिरायच्या आत मी पुढे झाले. म्हटलं, "तुमच्या आजीचा दगड सापडलाय. माझ्या सासूबाईंनी शोधला. आणि मी त्याचा तुकडा पाडला. घाई केली, विचारलं नाही, आणि वर उद्धटपणे बोललेही. बाईंची यात काही चूक नाही." शेवटचं वाक्य मी किल्लीवाल्या बाईंकडे बघून बोलले.

आजींनी मला नीट पाहून घेतलं. "नाव दिसलं होतं?"

मी फोटो दाखवला. त्यांनी चष्मा बदलला आणि फोन अगदी नाकाजवळ नेऊन बघत राहिल्या. मग सासूबाईंचा दंड धरला आणि चढायला लागल्या. दर दहा पावलांना थांबत, दोघी दोन भाषांत एकमेकींना सावकाश, सावकाश म्हणत.

दगडापुढे घडीचं स्टूल ठेवलं होतं. आजी बसल्या नाहीत. किल्लीवाल्या बाईंनी आरसा माझ्या हातात दिला आणि माझा जीव भांड्यात पडला. साडेदहाचं ऊन पानांतून येत होतं. मी ते पकडलं, तिरपं केलं आणि नाव उमटलं. शेवटच्या जागी फक्त गुलाबी खळगा. आजींनी अक्षरांवरून हात फिरवला, दगडाला न टेकवता, आणि लहान मुलीसारखं म्हणाल्या, "ओमा, मी आलेय." ओमा म्हणजे आजी. एवढंच. मग बऱ्याच वेळानं स्टुलावर बसल्या.

मी रुमाल सोडून टवका पुढे केला. किल्लीवाल्या बाईंनी खिशातून पाकीट काढलं होतं, वर तारीख लिहून. म्हणाल्या, "हायडेलबर्गला दगड दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत, ते बसवून देतील. द्या इकडे." पण टवका आजींनी घेतला. तळव्यावर ठेवून त्यावरचं अर्धं अक्षर पाहिलं आणि मूठ मिटली.

"हा मी नेणार," त्या म्हणाल्या.

किल्लीवाल्या बाईंनी आजींच्या मुठीकडे पाहिलं. पाकीट तसंच पुढे धरलेलं.

"मला माहीत आहे, इथलं काही नेत नाहीत," आजी म्हणाल्या. "मी मागितला असता तर कोणी दिला नसता, आणि मी मागितलाही नसता. पण आता तो निघालाच आहे. माझा बाप आयुष्यभर रडला, आईला टाकून आलो म्हणून. त्याला परत येता आलं नाही. मी हा त्याच्या कबरीवर ठेवणार."

मी सासूबाईंना भराभर मराठीत सांगितलं. त्या मान हलवत राहिल्या, पदर तोंडाला लावून. किल्लीवाल्या बाईंनी पाकीट उलटं करून पाहिलं, त्यात काही नव्हतंच, मग त्याची घडी घातली, पुन्हा एक घडी घातली आणि गमबुटात खोचून टाकली. "आल्झो," म्हणजे 'तर मग', त्या म्हणाल्या, "मला काही दिसलं नाही. चष्मा घरी राहिलाय." चष्मा त्यांच्या नाकावर होता.

आजींनी रुमाल माझ्याकडूनच मागून घेतला, टवका त्यात बांधला, पर्समध्ये ठेवला, पर्सची चेन लावली आणि पुन्हा उघडून ठीक आहे ना ते बघितलं. मग मला विचारलं, "विमानतळावर थांबवतील का गं मला?"

"काय आहे म्हणून विचारतील कदाचित."

"मग सांगेन," त्या म्हणाल्या, "आजीला घेऊन चाललेय, तिच्या मुलाकडे."